सदतीस युनिट जास्त

जिन्यात ती त्याच्यावर आदळली, आणि माफी मागायचं सोडून भांडायलाच लागली.

"लिफ्ट बंद, फोन लागत नाही, चॅटवर माणूस नाही! कुठल्या गाढवाने बनवलंय हो हे हिशेबाचं सॉफ्टवेअर?"

तिच्या काखेत लॅपटॉप होता, हातात कागदांनी टम्म फुगलेली पिशवी. त्याने पिशवी अलगद काढून घेतली. "ते गाढव दुसऱ्या शहरात बसतं. इथे मी असतो... त्याच्या वाट्याच्या लाथा खायला."

ती ओशाळली. पण अर्ध्या पायरीपुरतीच.

तक्रार ४७१. सोमवार. ग्राहक: निवृत्त भूमापक, वय एकाहत्तर. तक्रार घेऊन आली: मुलगी, कवळ्या बनवते. म्युच्युअल फंडाच्या स्टेटमेंटवर १,२८४.३०६ युनिट. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये १,३२१.७२४. फरक ३७.४१८. स्थिती: उघडी. शेरा: नखांत प्लॅस्टर, नाकावर राग. (शेरा खोडणे.)

"सदतीस युनिट जास्तच दिसतायत," तो म्हणाला. "जास्तीची तक्रार घेऊन सहसा कुणी येत नाही."

"माझ्या बाबांनी चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. वीतभर फरक आला तर अख्खं शेत पुन्हा तुडवायचे. आता त्यांना वाटतंय, आपलंच डोकं चळलं. तीन आठवडे पहाटे उठून पावकी-निमकीचे पाढे म्हणत स्वतःची परीक्षा घेतायत! आणि दादाला निमित्तच हवं होतं. रविवारी येतोय. पासवर्ड, चेकबुक घेणार, बाबांनाही घेऊन जाणार. हवापालट म्हणे!"

"आणि बाबांना जायचं नाही."

"त्यांना स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून स्वतःचा हिशेब लिहायचाय. एवढंच."

त्याने नोंदींची यादी उघडली. मग हळूच – "बाबा मोबाइलवरून नोंदी करतात का?"

"छे! त्यांचा बटणांचा फोन आहे. पडला तर फरशी फुटेल."

मंगळवार. कारण सापडलं. ग्राहकाला कळवणे बाकी.

बुधवार. मागच्या वर्षाची स्टेटमेंट मागवली. गरज: नाही.

तिने ती आणली. तीन मजले चढून, धापा टाकत आणली. त्याने एकेक पान इतकं सावकाश उलटलं, की जणू पानाला झोप लागली होती.

"मिळालं काही?"

"बघतोय..." तो बघत होता खरा, पण कागदाकडे नाही.

"माझ्याकडे काय बघताय?"

"तुम्ही कधीपासून माझ्या दातांकडे बघताय, म्हणून."

"धंदाच आहे माझा. तुमचे वरचे आणि खालचे दात जुळत नाहीत."

"म्हणजे इथेही फरक? मग तक्रार कुठे नोंदवू?"

हसू आलंच तिला. ते दाबताना राग आणखी वाढला. बाबा तिकडे पावकी म्हणतायत आणि आपण इथे हसतोय!

गुरुवार. त्याच्याही मागच्या वर्षाची स्टेटमेंट मागवली. गरज: वरीलप्रमाणे.

शुक्रवारी ती आली तेव्हा तो उभाच होता. कान लाल. त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"ही नोंद बघा. फंडाने लाभांशाचे नवे युनिट दिले. आमच्याकडे ती नोंद उतरायला दोन दिवस उशीर झाला, म्हणून लाल खूण आली. तेवढ्यात कुणीतरी 'तडजोड करा' हे बटण दाबलं. सॉफ्टवेअरने आपल्या मनाने सदतीस युनिट घातले आणि मेळ बसवला. मग खरी नोंद आली... तेच युनिट दोनदा."

"कुणीतरी म्हणजे?"

"नोंद मोबाइलवरून झालीय."

ती खुर्चीत बसली. बाबांच्या फाइलला तिनेच तर आपला फोन जोडला होता – मदत म्हणून! कवळीचं प्लॅस्टर सुकेपर्यंत फोन चाळत होती, ती लाल खूण डोळ्यांत खुपली, आणि खाली ते सोज्वळ हिरवं बटण. आईपासून आत्यापर्यंत सगळ्या तिला जन्मभर तेच सांगत आल्या होत्या – तडजोड कर, बाई. आयुष्यात एकदा केली, तर हे!

"तुम्हाला कधी कळलं?"

"...मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे. मग ती पिशवीभर स्टेटमेंट?"

"लागत नव्हती. तक्रार मिटली की तुम्ही येणार नाही, म्हणून..."

"तुमच्या या 'म्हणून'पायी बाबांनी तीन पहाटा जास्त काढल्या, कळतंय का?"

हे मात्र त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. चेहरा पार उतरला. "मी लेखी देतो. दोष सॉफ्टवेअरचा. तुमचं नाव कुठेच नको."

ती पिशवी उचलून जिना उतरली. त्याच्यावरच्या रागात स्वतःवरचा राग किती, हे तिलाच सांगता आलं नसतं. बाबांसमोर तोंड उघडायचं धाडस शनिवारी झालं नाही. रविवारी सकाळीही झालं नाही.

दादा आला, तो वही उघडूनच. "बाबा, पहिला पासवर्ड सांगा."

दारावरची घंटा वाजली. दारात तो – हातात पाकीट, शर्टाला कडक इस्त्री.

दादाने पत्र मोठ्याने वाचलं. सॉफ्टवेअरमधील दोषामुळे फरक आला, ग्राहकाची चूक नाही. दादाने वही मिटली. बाबांची पाठ तीन आठवड्यांनी खुर्चीला टेकली. आता तिला फक्त गप्प बसायचं होतं.

"दोष यंत्रातच आहे तर," बाबा म्हणाले, "मी कशाच्या भरवशावर हिशेब ठेवू? मोजायची साखळीच खोटी असेल तर माणसाने मोजू नये. घे रे, पासवर्ड तूच घे."

"खोटं आहे ते पत्र!" ती जवळजवळ ओरडलीच. "बटण मी दाबलं, बाबा. माझ्या फोनवरून. तुमच्या सगळ्या नोंदी बरोबर आहेत."

"चिमे, तू?" दादा.

"तीन आठवडे मी पावकी म्हणतोय," बाबा म्हणाले, "आणि तू कवळ्या घासत बसलीस?"

"मला परवा कळलं... आणि मग धीर होईना."

बाबांनी चष्मा पुसला, खुर्ची लॅपटॉपपाशी ओढली, ती जास्तीची नोंद स्वतः शोधली आणि स्वतः पुसली. आकडे जुळले. "आता तुझा फोन यातून काढ. आणि तू रे, वही पिशवीत घाल." मग चष्म्यावरून पाहुण्याकडे बघत – "तुम्ही खोटं का लिहिलंत?"

"यांना... तुमच्यासमोर मान खाली घालावी लागली असती."

"हं." बाबांनी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चहा घ्या. ती करतेय, तर आतच जाऊन घ्या."

स्वयंपाकघरात आधण ठेवताना तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "मी अजून चिडलेलीच आहे."

"दिसतंय."

"यापुढे काही कळलं, की त्याच दिवशी सांगायचं. तीन दिवस मनात ठेवायचं नाही."

"त्याच दिवशी?"

"त्याच क्षणी."

तो दाराला टेकला, पुन्हा सरळ झाला, खिशात हात घातला, बाहेर काढला.

"मग... आत्ताच एक कळलंय."

तिने गॅस बारीक केला.

"सांगा," ती म्हणाली.