अर्ध्यावर थांबलेला उजेड

बाबा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात काचपेटीचा दिवा गेला. त्याच्याबरोबर उजेड कमी-जास्त करणारा डिमरही जळला.

पेटीत बाबांचा झाडबेडूक होता, हिरवा, लिंबाएवढा. आई त्याला बेडूकराव म्हणायची. “ह्या घरात चोचले फक्त त्याचेच,” असं बाबांना ऐकवायची आणि पेटीत पाणी फवारायची तीच.

मी हौसेने दुकानातला सगळ्यात प्रखर दिवा आणला. चार दिवसांत नेच्यांची टोकं करपली, शेवाळ पिवळं पडलं. बेडूक झाडाच्या सालीच्या तुकड्याखाली जाऊन बसला. त्याने खाणं सोडलं. आईनेही. ताटावर बसायची, पण घास हातात धरून पेटीकडे बघत राहायची.

“तो जगला तर बघू,” म्हणाली.

काय बघू, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

मी फोटो घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी ते बघून कपाळाला हात लावला.

“अहो ताई, बिचाऱ्याला भर उन्हात उभं केलंत की! दिवा झाडांसाठी, झाडं बेडकासाठी. त्याला आडोसा हवा.”

त्यांनी कमी ताकदीचा पांढरा दिवा दिला. वरच्या फांदीला बांधायला ब्रोमेलियाड, म्हणजे पानांच्या पेल्यात पाणी धरून ठेवणारं झाड. मागच्या काचेवर चढवायला मनीप्लांट, खालच्या ओलसर कोपऱ्यात नेचे.

“हा दिवा मंद होतो का?” मी विचारलं.

“नाही. एक तर चालू, नाही तर बंद. टायमर लावा, सकाळी सात ते संध्याकाळी सात.”

बाबांना हे चाललं नसतं. तीस वर्षं ते नाटकांची प्रकाशयोजना करत. अंधार कुणाच्या अंगावर टाकायचा नाही, असा त्यांचा नियम. प्रवेश संपला की उजेड अर्ध्यावर आणून ते थांबत. शेवटचा नट विंगेत पोचला की मगच पूर्ण काळोख. घरीही रोज संध्याकाळी पेटीसमोरच्या वेताच्या खुर्चीत बसून डिमर तसाच फिरवत. ती खुर्ची उठताना एकदा करकरते. बसताना कधीच नाही.

दुपारभर खपून मी रोपं लावली, दिवा आणि टायमर बसवला. संध्याकाळी आई आणि मी पलंगाच्या कडेला बसलो. खुर्चीत कुणीच बसत नसे.

सातला पाच मिनिटं असताना उजेड उतरू लागला.

आधी नेच्यांचा कोपरा विझला, मग मनीप्लांट. अर्ध्यावर येऊन उजेड थांबला. सालीखालून बेडूक बाहेर आला, सावकाश फांदी चढला आणि ब्रोमेलियाडच्या पेल्यात बसला. मी सोडलेला किडा त्याने एका झटक्यात गिळला.

“खाल्लं गं त्याने,” आई म्हणाली. त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी विजेचा दाब कमी झाला असेल असं धरलं. पण खोलीतला दुसरा दिवा नेहमीसारखा जळत होता. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मी टायमर बदलला. दिवा उचलून रोपवाटिकेत नेला. बाईंनी तो तिथल्या डिमरला लावून बघितला. बटण फिरवताच तो फडफडून विझला.

“हा मंद होऊच शकत नाही, ताई. तुम्हाला भास झाला असेल.”

भास दोघींना एकदम होत नाही. पण मी वाद घातला नाही. आई जेवत होती.

आठवड्याभरात एक गोष्ट लक्षात आली. आम्ही खोलीत असेपर्यंत उजेड अर्ध्यावरच राही, टायमर सातचा असूनही कधी आठ वाजेपर्यंतसुद्धा. आम्ही उठून, खोलीतला दुसरा दिवा मालवून बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, की दाराखालची उजेडाची रेघ हळूहळू पुसली जाई. मी एकटी बाहेर आले आणि आई आत राहिली, तर नाही. दोघी बाहेर आलो, तरच.

“ह्यांची सवय,” आई एवढंच म्हणाली. आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

मलाही बरं वाटू लागलं होतं. कोणीतरी आपल्याला वाट दिसेपर्यंत थांबतंय, ह्यात घाबरण्यासारखं काय आहे?

काल बेडकाने दोन किडे खाल्ले. आम्ही उठलो, बाहेर आलो, मी दार ओढून घेतलं.

रेघ तशीच होती.

आम्ही थांबलो. मी शंभरपर्यंत मोजलं.

“अजून कोण राहिलंय आत?” आईने हळूच विचारलं.

“बेडूक.”

“तो तर रोजच असतो.”

मी कडीला हात लावला. आईने तो धरून बाजूला केला.

“थांब. त्यांना निघू दे.”

आत वेताची खुर्ची एकदा करकरली.

मग रेघ हळूहळू पुसली गेली.