एकवीस दिवस हात लावायचा नाय

लबाडी करायलाच गेले होते मी, खोटं कशाला बोलू? एक्याऐंशी सालची गोष्ट. पडेगावच्या रस्त्यावर ‘मोसंबीची कलमं मिळतील’ अशी पाटी दिसली आणि मी बसमधून उतरले. तयार कलम विकत घ्यायचं, स्वतःचं म्हणून परीक्षेत ठेवायचं... शेती कॉलेजात लेखी पेपरात पहिली येणाऱ्या मला डोळा भरता येत नव्हता! मोसंबीच्या काडीवरचा डोळा अलगद काढून जंबेरी लिंबाच्या रोपात बसवायचा, एवढंच. प्रॅक्टिकल बुडालं की वर्ष बुडालं.

रोपवाटिकेतल्या तरुणानं आधी माझी वही पाहिली, मग मला.

“परीक्षेसाठी? मग इकत नाय देणार.”

“का?”

“शिकवतो की! दर रविवारी या.”

त्याचं नाव बद्रीनाथ. शाळा सातवीत सुटलेली. माझ्या चार पानी उत्तरात नसलेलं त्याच्या बोटांत होतं.

“साल सुटती का, हे अंगठ्याला इचारा. पुस्तकाला काय कळतंय?” म्हणत त्यानं माझा अंगठा धरून रोपावर ठेवला. सोडायला मात्र विसरला... मीही आठवण केली नाही.

“आता पट्टी बांधा. एकवीस दिवस हात लावायचा नाय.”

पाच डोळे भरले, पाचही वाळले. पुन्हा पाच — तेही वाळले. मला रडू यायला हवं होतं. पण “या की पुढच्या रविवारी,” असं तो म्हणाला की मी बसमध्ये एकटीच हसत बसे. मला पास व्हायचं होतं की नव्हतं? माझं मलाच कळेना.

आणि एक दिवस होस्टेलच्या गच्चीवर, सरावासाठी कुंडीतल्या रोपावर भरलेला माझा डोळा फुटला! हिरवागार, गव्हाच्या दाण्याएवढा. हात तोच, चाकू तोच... मग तिथंच का वाळतात? कुंडी घेऊन तडक पडेगाव गाठलं.

“हे कसं काय?”

तो चपलेकडं बघत राहिला.

“पट्ट्या... मीच सैल करत व्हतो. तुमाला पयल्याच दिवशी जमलं व्हतं. तसं सांगितलं असतं तर — आल्या असत्या का परत?”

राग आला. लई आला! कुंडी आपटावीशी वाटली, आणि मी ती छातीशी घट्ट धरून उभी. राग असा असतो का?

मी चाकू मागितला. त्याच्यादेखत एका रोपावर डोळा भरला, पट्टी बांधली.

“परीक्षेला ही कुंडी पुरे. हा डोळा मात्र एकवीस दिवसांनी बघायला येईन. तात्यांना घेऊन.”

“तुमचे वडील? कलमं घ्यायला?”

“लासूरहून इतक्या लांब ते कलमांसाठी येतील होय?”

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग कानापर्यंत लाल झाला.

“आन्... वाळला तर?”

“तर ते आल्या पावली माघारी जातील.”

“नाय लावत. आईच्यान, हात नाय लावत!” म्हणत बद्रीनाथनं दोन्ही हात पाठीमागं नेले, आणि मी बसमध्ये बसेपर्यंत ते तसेच ठेवले.