नऊ अधिक दोन

"चोरी झालीय, पण सोन्यानाण्याची नाही," म्हातारबाबा खुर्चीत टेकत म्हणाले. "बायकोच्या पत्रांचा डबा गेला."

तपासनीस बाईंचा मदतनीस वही सरसावून बसला. पूर्वी कारकून होता बिचारा. घरी वाट बघणारं कुणी नाही, म्हणून शनिवारीही कचेरीत येई.

बाबा निवृत्त नकाशाकार. गुरुवारी नऊला डोळे दाखवायला गेले. डॉक्टर रजेवर, म्हणून साडेअकरालाच परतले, तर घरात मुलगा! दोन वर्षांनी, न कळवता. डबा मात्र गायब, कुलूप शाबूत. किल्ल्या तिघांकडे: बाबा, मुलगा आणि शेजारीण.

"मुलगा म्हणतो, शेजारणीनेच नेला. तो संध्याकाळच्या विमानाने परतही गेला." बाबांचा आवाज चिरकला. "दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच हो. तीच चोर निघाली, तर मी काय भिंतींशी बोलू?"

"मुलगा लांब असतो?"

"चौदाशे किलोमीटर पश्चिमेला. विमानाने दोन तास. घड्याळ तासभर मागे, म्हणून सकाळी नऊच्या आत मी फोन करत नाही. तिकडे आठच वाजलेले असतात."

शेजारीण आली ती तणतणतच. "दहाला झाडांना पाणी घातलं, तेव्हा डबा कपाटावर होता! रोज धूळ पुसते मी त्याची, पत्रं वाचत नाही!"

मग बाईंनी मुलाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"गुरुवारी विमान वेळेवर होतं?"

"अगदी. सकाळी एकच असतं. नऊला सुटलं, दोन तासांत पोचलो. विमानतळावरच्या घड्याळात अकरा वाजले होते."

तेवढ्यात गिरणीचा बाराचा भोंगा झाला. बाईंनी उठून खिडकी घट्ट लावली. तरी भोंगा चालूच. मदतनीसाने वैतागून कानांत बोटं घातली.

संध्याकाळी बाईंनी बाबांना पुन्हा बोलावलं.

"शेजारीण निर्दोष आहे. तिकडे नऊ म्हणजे इथे दहा. त्यात दोन तास मिळवा. विमान इथे बाराला उतरतं, आणि तुमचा मुलगा साडेअकराला घरात होता. खरंच विमानाने आलेला माणूस उतरल्यावर घड्याळ तासभर पुढे करतो. तुम्ही अचानक परतलात, आणि याने घाईघाईत नऊत दोन मिळवले."

"आदल्या दिवशी आला असेल!" मदतनीस म्हणाला.

"मग आज तिकडे असता. खिडकी लावल्यावरही भोंगा फोनमधून येत होता. तिकडे तर तेव्हा अकरा वाजले होते. तो याच शहरात राहतो, गिरणीच्या आसपास."

मदतनीसाची पेन्सिल थांबली. चौदाशे किलोमीटर म्हणता म्हणता गिरणीपर्यंतचे चार बसथांबे! त्याला फार वाईट वाटलं.

"दुपारी त्याला पुन्हा फोन केला," बाई हळूच म्हणाल्या. "सगळं कबूल केलं, पत्ताही दिला, रडला. वर्षापूर्वी नोकरी गेली. तोंड दाखवायची लाज वाटली. तुम्ही घरी नसाल म्हणून गुरुवारी आला. डबा उशाशी घेऊन झोपतो म्हणाला."



"हिशेब मीही केला होता," बाबा म्हणाले. "जन्मभर अंतरंच मोजली ना! वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. तसं कुणीतरी सांगावं म्हणून आलो होतो तुमच्याकडे."

"मी येऊ बरोबर?" मदतनीसाने विचारलं.

"नको. दोघांना बघून दार उघडायचा नाही तो." बाबांनी काठी उचलली. "तेवढा पत्ता मोठ्या अक्षरात लिहून द्या."