टेबलाखालचा नायक

प्रेम माणसाला बोलतं करतं, असं जाणते लोक म्हणतात. आमच्या बाबतीत ते अगदी खरं होतं. फक्त त्याला बोलतं मी करत होते, आणि तेही कुजबुजून.

हजेरीपटावर आम्ही शेजारी होतो, एवढीच ओळख. नाटकाच्या तासाला सरांनी त्याच क्रमाने जोड्या पाडल्या आणि एका विनोदी नाटकातला प्रवेश आमच्या गळ्यात मारला. नायक मागणी घालायला येतो, तेवढ्यात नायिकेचे वडील (हजेरीपटावरचा आमच्या पुढचा मुलगा) येतात, नायक टेबलाखाली शिरतो आणि वडील त्याला पाय ठेवायचं स्टूल समजून त्याच्यावर पाय टाकून बसतात. ते गेल्यावर नायक बाहेर येतो आणि म्हणतो, “बाईसाहेब, माझी मान आखडली आहे. पण ती आपल्यापुढे झुकवायलाच आणली होती.” त्यावर नायिकेने म्हणायचं, “मग आता ती सरळ कोण करणार?” आणि पडदा. पडदा नव्हता, म्हणून सर डस्टर आपटत.

वर्गात त्याला सगळे ‘इस्त्री’ म्हणत. सदऱ्याची घडी कधी मोडायची नाही, आणि डोक्यातही काही उमटायचं नाही. सरांचा नियम होता, हातात कागद चालणार नाही. इस्त्रीला एक वाक्य पाठ होईल तर शपथ! मग मी टेबलक्लॉथ नीट करण्याच्या निमित्ताने वाकायची आणि तो बाहेर यायच्या आधीच त्याचं वाक्य खाली सोडायची. खालून ते त्याच्या आवाजात वर यायचं. मीच सांगितलेलं, तरी ऐकताना कान गरम व्हायचे.

“तू पाठ कधी करणार?” मी एकदा विचारलं.

“तू आहेस ना.”

“आणि मी आजारी पडले तर?”

“मग मीही पडेन. एकटा उभा राहून काय बोलू?”

हे तो टेबलाखालून म्हणाला. केसांना खडूची धूळ लागली होती... ती मी झटकली. नाटकात हे लिहिलेलं नव्हतं. तो हसला आणि म्हणाला, “अजून आहे, डावीकडे.” डावीकडे काही नव्हतं. तरी मी झटकली.

त्या संध्याकाळी घरी ताई ओरडली, “अगं, दूध उतू गेलंय आणि तू त्याच्याकडे बघून हसतेयस! कोण आहे तो?”

“दूध,” मी म्हणाले.

“चांगल्या घरचं असू दे म्हणजे झालं.”

सोमवारी वर्गापुढे प्रयोग झाला. वडील पाय उचलून गेले. इस्त्री टेबलाखालून बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि गप्प. हात बाहीच्या बटणाशी चाळा करू लागला. विसरला! मी ओठ न हलवता सुरू केलं, “बाईसाहेब, माझी मान...”

त्याने हळूच डोकं हलवलं.

“नको सांगूस. रोज तू मला शब्द देतेस... आज एक माझा घे. तू समोर नसलीस ना — की मला काहीच आठवत नाही.”

अख्ख्या प्रवेशातलं प्रत्येकाचं वाक्य मला पाठ होतं, अगदी वडिलांचा खोकलासुद्धा. माझं स्वतःचं मात्र गेलं. मी नुसती बघत राहिले. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात.

“वा!” सर म्हणाले. “याला म्हणतात रंगणं. गुरुवारी दुसऱ्या तुकडीपुढे पुन्हा करा.”

बाहेर जिन्यात मी त्याला गाठलं. “मघाशी तू जे बोललास...”

“गुरुवारचं होऊ दे,” तो म्हणाला. घडीच्या सदऱ्याला चक्क घाम आला होता. “मग बोलू आपण. सावकाश.”

आता सावकाश बोलायचं म्हणजे दुसरं काय असणार? मी उत्तर तयार केलं. ‘मलाही’ एवढंच होतं, पण त्याची तालीम मी आरशापुढे केली, भांडी घासताना केली, ताईच्या पाठीमागे केली. ताईने विचारलं, “मलाही काय?” मी म्हटलं, “मलाही चहा.”

गुरुवारी वडील पाय उचलून गेले. इस्त्री बाहेर आला, उभा राहिला आणि गप्प. हात बाहीच्या बटणाकडे गेला. खरंच विसरला की काय, म्हणून मी सवयीने सुरू केलं, “बाईसाहेब, माझी...”

त्याने हळूच डोकं हलवलं.

“नको सांगूस. रोज तू मला शब्द देतेस... आज एक माझा घे. तू समोर नसलीस ना —”

थांबला. सोमवारी जिथे थांबला होता, बरोब्बर तिथेच.

“— की मला काहीच आठवत नाही.”

ज्या माणसाला आखडलेली मान पाठ होत नव्हती, त्याला हे पाठ होतं. चाचरण्यासकट. बटणासकट. दुसऱ्या तुकडीतल्या मुली पहिल्या बाकावर उसासे टाकत होत्या. आणि मला माझं वाक्य लख्ख आठवलं.

“मग आता ती सरळ कोण करणार?” मी म्हणाले.

कुठल्याही मानेचा उल्लेख झालेला नसल्यामुळे कोणाला काही कळलं नाही. सरांनी डस्टर आपटलं.

जिन्यात या खेपेला त्याने मला गाठलं. चिडला होता.

“अगं, हे काय केलंस? सोमवारी कसली झकास थिजली होतीस! तस्संच करायचं ना!”

“तुला काहीतरी बोलायचं होतं,” मी म्हणाले. “सावकाश.”

“हो, ते राहिलंच की!” त्याचा चेहरा उजळला. “संमेलनात हाच प्रवेश करू या का? टेबल मात्र जरा मोठं हवं. गुडघे फार दुखतात.”

मी ‘बघू’ म्हणाले. हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

सरांच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने प्रयोगावर अर्धं पान चिंतन लिहून द्यायचं होतं. मी ‘पाठांतराचे महत्त्व’ यावर लिहिलं. इस्त्रीला उत्स्फूर्ततेबद्दल दहापैकी नऊ मिळाले. माझ्या कागदावर शेरा होता: ‘पहिल्या प्रयोगात नायिका वाक्य विसरली. पाच.’