पाण्याच्या रेघा

शिवणकामाच्या दुकानात मापं घेण्याचं काम आईचं. अक्षरओळख सहीपुरती, पण गिऱ्हाइकाची छाती, कंबर, बाही ती अस्तराच्या पट्टीवर रेघा मारून अशी टिपायची की कापड बेतताना सूतभर इकडचं तिकडे होत नसे. चाळीस वर्षं दुकान या रेघांवर चाललं होतं, आणि हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

मुलाला तिची किडनी बसवली. तो घरी आला तेव्हा नर्सने सुनेच्या हातात वही दिली. रोज पाणी किती प्यायला आणि लघवी किती झाली, ते लिहायचं. आईने वही बाजूला सारली.

"किडनी माझी, नोंद मी ठेवणार."

"आई, आकडे येतात का तुम्हाला?" सून म्हणाली.

"तुझं लग्नातलं पोलकं माझ्या रेघांवर बेतलंय. अजून दंडात चढतं का बघ, मग मला विचार."

बाथरूमच्या दाराला दोन पट्ट्या लागल्या. डावीकडे प्यायलेल्या प्रत्येक ग्लासाची एक रेघ. उजवीकडे लघवीची, ती मापाच्या भांड्यात मोजून त्याच ग्लासाच्या हिशेबात. चेष्टा करायची सोय नव्हती. दोन वर्षं मुलगा आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनला जोडून घेत होता आणि परत येऊन मेलेल्यासारखा पडत होता. ही किडनी गेली तर देणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. सुनेला साखरेचं दुखणं, आणि नात ठमी सात वर्षांची.

तिसऱ्या आठवड्यात सुनेने डावीकडच्या एका दिवसाच्या रेघा मोजल्या. अठरा.

"डॉक्टरांनी दहा ग्लास सांगितलेत. अठरा कोण पाजतंय त्यांना?"

दिवसभर पाळत ठेवल्यावर घोळ कळला. पाणी दोघांनाही भरपूर प्यायचं होतं. आई दोन ग्लास भरायची, एक त्याला द्यायची, एक स्वतः प्यायची आणि दोन्हींच्या रेघा मारायची. बाहीचं माप घेतलं की दोन रेघा, एक या हाताची, एक त्या हाताची. हात त्याच वळणाने गेला होता.

सून हसत सुटली. मग तिचं लक्ष उजवीकडच्या पट्टीकडे गेलं आणि हसू विरलं. तिथे सतरा होत्या.

दहा ग्लास पिणाऱ्या माणसाला सतरा ग्लास लघवी होत होती.

"आईच्या मापात चूक असेल," मुलगा म्हणाला. चाळीस वर्षांत असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने भांडं स्वतः धरलं, उजेडात, डोळ्यांच्या रेषेत. सतराच.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. ऑपरेशन झाल्यापासून तिला स्वतःला सकाळी एकदाच जावं लागे, तेही थेंबभर. दिवसाचे आठ ग्लास पोटात जात होते. अंगावर सूज नाही, पोटात दुखणं नाही. ते पाणी जात कुठे होतं, हे तिला आता दाराच्या पट्टीवर मोजता येत होतं.

तपासणीला डॉक्टर दोघांचे रिपोर्ट बघून खूश झाले. "आजी, तुमची किडनी मोठी कामसू निघाली."

"माझ्याकडे होती तेव्हाही कामसूच होती," ती म्हणाली. जे विचारायला गेली होती ते ओठांवर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पाच ग्लास कमी घेतले. उजवीकडच्या पाच रेघा गळाल्या. बरोब्बर पाच.

मग ती घड्याळ लावून पाणी पिऊ लागली, तान्हं पोर अंगावर असलेल्या बाईसारखी. साठी उलटल्यावर पुन्हा पान्हा फुटल्याचा थोडा ताठाही होता मनात. पण दुपारी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या हात थांबे. आपण आज आहोत, उद्या नाही. मग याला कोण पुरवणार?

पोर अंगावरून तोडतात तसं तोडायला हवं, तिने ठरवलं. रोज एक ग्लास कमी.

तीन दिवस उजवीकडच्या रेघा घटत गेल्या. मुलाच्या डोळ्यांखाली फुगवटा दिसू लागला. सून दर तासाला त्याच्या तोंडाकडे बघायची. आईचा जीव टांगणीला लागला होता, पण तिने ग्लासाला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी रेघा वर चढल्या. पाचव्या दिवशी सतरा. त्याच दुपारी ती स्वतः बाथरूममध्ये गेली आणि पूर्वीसारखी मोकळी होऊन आली.

"तुटलं एकदाचं," ती म्हणाली.

"काय तुटलं, आई?" सुनेने विचारलं.

"धागा. तू काजं कर."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. आठवडाभर ती घरात राणीसारखी वावरली. मग एका सकाळी रेघ मारता मारता तिचा हात थांबला. मुलगा दहा पितो. आपलं आपल्यापाशी. वरचे सात कुणाचे?

स्वयंपाकघरात ठमी स्टुलावर चढून माठातून ग्लास भरत होती. प्यायली. पुन्हा भरला.

"ठमे, किती गं पितेस?"

"तहान लागते."

"आणि बाथरूमला?"

ठमीने मान हलवली. "येतच नाही."

"कधीपासून?"

"तू कमी पाणी प्यायला लागलीस ना, तेव्हापासून."

आईने तिच्या हातातला ग्लास ओढून घेतला आणि गटागट प्यायली. दुसरा. तिसरा. आठ ग्लास. पोलकं छातीवर भिजलं. मग भिंतीला टेकून ती वाट पाहत बसली.

अर्ध्या तासात तिला उठावं लागलं. जेवढं घेतलं होतं तेवढं सगळं तिच्याच अंगातून निघून गेलं.

ती बाहेर आली तर मुलगा दारात भांडं घेऊन उभा. गालावर रंग आला होता. "आई, रेघ मार. आज एक जास्तीच आहे."

ती त्याला ओलांडून स्वयंपाकघरात गेली.

ठमी जमिनीवर बसून मोजे काढत होती. मोज्याच्या इलॅस्टिकने घोट्याभोवती खोल चर पडला होता. आईने खाली बसून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. दोन वर्षं मुलाच्या पायावर ती रोज सकाळी असंच दाबून बघत असे. अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

"दुखत नाही, आजी," ठमी म्हणाली आणि ग्लास पुढे केला. "भर ना. बाबांना कमी पडेल."