तिसरा खोकला

जांघेतली गाठ ग्रंथपालांनी दोन वर्षं लपवली. शेवटी मुलीच्याच लक्षात आलं, कारण बाबा हल्ली शिंकताना टेबल धरू लागले होते. ऑपरेशनला ते एकाच अटीवर तयार झाले: झोपवायचं नाही. चार वर्षांपूर्वी बायकोला असंच ऑपरेशनसाठी झोपवलं होतं, ती उठलीच नव्हती.

"अहो काका, हर्नियाच आहे. तेवढीच जागा बधिर करू," सर्जनबाई म्हणाल्या. "तुम्ही जागे असलात तर मला मदतच होईल. जाळी बसवली की खोकायला सांगीन. माझं बोट तिथंच असेल. धक्का बसला की टाके कितपत पक्के आहेत ते कळतं."

सुया झोंबल्या, मग काहीच नाही. दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगातला कोट कुणी ओढतंय, एवढंच जाणवत राहिलं. छातीपुढे हिरवा पडदा. वर दिव्याची ऊब. भीतीपेक्षा त्यांना संकोचच जास्त वाटत होता.

"हं काका, खोका."

उभा जन्म वाचनालयात लोकांना गप्प करण्यात गेलेला. त्यांनी कसाबसा श्वास भरला, तेवढ्यात पडद्यापलीकडून खोकला आला. कोरडा, अर्धवट दाबलेला. वाचता वाचता त्यांना डुलकी लागली की बायको अशीच खोकायची, तोंडावर हात धरून.

"मस्त! पुन्हा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. खोकला आलाच.

"बाई, मी नाही हो खोकलो."

"माझ्या बोटाला विचारा!" बाई हसल्या. "चला, आता शिवून टाकू."

त्यानंतरचं त्यांना नीट आठवत नव्हतं. डोळे जड झाले होते, एवढंच.

संध्याकाळी बाई खाटेपाशी आल्या. नाडी पाहून झाली तरी मनगट सोडेनात.

"काका, तिसऱ्यांदा मी सांगितलं नव्हतं. पण बरं झालं खोकलात. आत एक नस सुटली होती, त्या धक्क्यानं रक्त वर आलं म्हणून दिसली. नाहीतर मी जखम तशीच शिवली असती." त्यांनी मनगट सोडलं. "सिस्टर म्हणते, तेव्हा तुम्ही घोरत होतात."

दुसऱ्या दिवशी घरी ते उशीला टेकून वाचत बसले. घसा खवखवला. बाईंनी शिकवल्याप्रमाणे जखमेवर हात दाबून ते खोकले.

"आले गं आई," स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली.

मग भांड्यांचा आवाज थांबला.