दाबून धरलेली शिफ्ट

सौनातल्या वाफेतून बाहेर पडून पोरं बाकावर टेकली. बाहेर तळं काळंभोर झालं होतं. उर्होकाकांनी हळूच सुरुवात केली. "माझ्या दोस्ताच्या, इल्मारीच्या बाबतीत घडलंय हे."

"बिअर संपली की काकांना भुतं आठवतात," पोरांतला साम्पो म्हणाला.

"तू ऐक रे गप."

गावच्या लाकूड कापायच्या सॉमिलमधली करवत संगणकावर चालायची. चालवणाऱ्यानं कीबोर्डवरची शिफ्टची कळ दाबून धरायची. बोट सुटलं की पातं थांबायचं. करवत चालवणाऱ्या पेंटीचं बोट भरून यायचं. "एवढा शिकलास, यातून सोडव की मला," म्हणत तो इल्मारीच्या मागेच लागला. शेवटी इल्मारीनं संगणकाच्या सी भाषेत चार ओळी लिहून दिल्या. कळ दाबलेलीच आहे असं संगणकानं धरून चालायचं, आणि खूण म्हणून कॅप्सलॉकचा हिरवा दिवा लावायचा.

पेंटीचा हात मोकळा झाला. त्याच आठवड्यात तो मोकळा हात पात्यात अडकलेली लाकडाची साल काढायला गेला. पात्यानं तो खांद्यापासून उपटला. पातं थांबलं नाही. पेंटी तिथेच गेला.

आता सोमवारपासून त्या जागेवर त्याची लेक आउने बसणार होती. म्हणून मेलेल्यांची आठवण काढायच्या संतदिनाच्या आदल्या रात्री, साडेअकराला, इल्मारी त्या ओळी पुसायला एकटाच निघाला. वाटेत कबरींवर मेणबत्त्या तेवत होत्या.

त्यानं ओळी पुसल्या. कळेची स्थिती वाचली. दाबलेली.

सुटलेली म्हणून लिहिली. परत वाचली.

दाबलेली...

त्यानं कीबोर्डची वायरच उपटली. दिवा विझला नाही.

आणि करवत सुरू झाली.

बंद करायचा खटका पात्यापलीकडे. इल्मारी धावला. पात्यानं बाही धरली. दोन बोटं गेली. रक्त भिंतीवर उडालं. मागून कुणीतरी त्याला पात्यावर रेटत होतं...

एकाच हातानं.

"पेंटी," तो कसाबसा म्हणाला, "सोमवारी इथे आउने बसणार आहे. तिच्यासाठीच आलोय मी..."



मग पाठीवरचा हात सैल पडला. कळ टक् करून वर आली. पातं थांबलं.

काकांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"आणि तो कीबोर्ड?" साम्पोनं विचारलं.

काकांनी दाराजवळच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे तो टांगलेला, तुटकी वायर लोंबत होती. "इल्मारीला तो घरात ठेवायचा धीर होईना, म्हणून माझ्याकडे दिला. आउने करवत चालवायला बसली की दिवा लागतो, उठली की विझतो. इतकी वर्षं झाली, पोरीला साधं खरचटलं नाही."

"आत सेल असेल."

"उघडून बघ की."

साम्पो जागचा हलला नाही. आज आउनेची रात्रपाळी होती.

खिळ्यावर हिरवा दिवा शांत तेवत होता.